कोयता कुठं होता

मला सोडवलं ते एका म्हाताऱ्या बाईनं. तिच्याच घरात मी जबरी चोरी करायला शिरलो होतो असं पोलिसांचं म्हणणं होतं, आणि तिच्याच तोंडच्या चार वाक्यांनी ते म्हणणं पडलं. हे आधी लिहून ठेवतो. तिच्यानंतर वकीलबाई. सरकारकडून गरिबाला फुकट वकील मिळतो तशा त्या मला मिळाल्या, पण फुकटातलं काम म्हणून त्यांनी कधी उरकलं नाही. आणि माझी आई, जिनं गावातून न हलता नुसत्या फोनवर मला उभं ठेवलं. झालेलं सांगायला बसलो की अजून पुढचं मागं होतं, म्हणून उपकाराची माणसं पहिल्यांदा सांगून घेतली.

आता झालं काय ते.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सोडली आणि कामाला लागलो. आसनगावजवळ एका गोदामात हमालीला आलो होतो. तिथलं काम बंद पडलं तेव्हा बरोबरच्या एकानं किन्हवलीच्या बाजूला एका शेतकऱ्याकडं राबाच्या कामाला नेलं. आमच्याकडं कापूस नि सोयाबीन, राब कशाशी खातात मला माहीत नव्हतं. इथं भाताचं रोप टाकायची जी जागा असते तिच्यावर उन्हाळ्यात झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. त्यासाठी होळीच्या आगेमागे माणसं झाडांवर चढून फांद्या उतरवतात. आम्ही तेच करत होतो. मी झाडावर, खाली दोघं मोळ्या बांधायला.

या झाडांवर लाल मुंग्यांची घरटी असतात, पानं शिवल्यासारखी. एकाला हात लागला की त्या सगळ्या अंगावर येतात, पापणीलासुद्धा चावतात. म्हणून मी तोंडाला गमछा गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे. खांद्यावर मोळीचा दोर. आणि हातात कोयता. इथल्या माणसाचा कोयता कधी हातात दिसत नाही. कमरेला मागच्या बाजूला लाकडाची आकडी बांधलेली असते, काम झालं की कोयता तिच्यात अडकवून तो मोकळ्या हातानं चालतो. पाहुण्याकडं जायचं असलं तरी आकडी तशीच. माझ्याकडं आकडी नव्हती. दोन दिवसांच्या कामाला कशाला हवी, म्हणून मी मागितलीही नाही.

दुपारी आमचा पाण्याचा कॅन संपला. वाडीच्या कडेला एक कौलारू घर दिसत होतं. "जा, पाणी घेऊन ये," खालचा म्हणाला. मी गेलो तसाच, गमछा, दोर, कोयत्यासकट.

पुढचं दार बंद होतं. आमच्या गावात पुढचं दार बंद असलं की माणूस वळसा घालून मागच्या दारी जातो, कारण बाया मागंच असतात, रांजणही मागंच. मी वळसा घातला. मागचं दार उघडं होतं. आत अंधारात तिवईवर पाण्याचा हंडा चमकला. मी कोयता ओट्याखाली ठेवला, ओट्यावर चढलो आणि आत वाकून म्हणालो, पाणी मिळंल का. घसा कोरडा, तोंडावर फडकं. आत बसलेल्या त्या म्हातारीला काय ऐकू गेलं असेल, देव जाणे.

ती हंड्याच्या अलीकडंच बसलेली होती. मला ती दिसलीच नाही. तुटलेली सोन्याच्या मण्यांची माळ पुन्हा ओवत होती, मणी पुढ्यातल्या फडक्यावर पसरलेले. मान वर केली तर दारात डोळेच डोळे असलेला माणूस, खांद्यावर दोर, हात पुढं केलेला. मी हात हंड्याकडं दाखवला होता. तिला तो मण्यांकडं आलेला दिसला.

ती ओरडली ते मी आयुष्यात विसरणार नाही. मी ओट्यावरून उलट्या पावली खाली पडलो आणि पळालो. का पळालो हे मला नंतर सगळ्यांनी विचारलं. कोणी तसं ओरडलं की माणूस पळतो, एवढंच माझ्याजवळ उत्तर आहे.

त्या दिवसांत तोंडं बांधलेली टोळी भरदुपारी घरं लुटते असे मेसेज सगळ्या मोबाइलवर फिरत होते. शेजारच्या शेतात तिचा पुतण्या दोघातिघांबरोबर होता. मी बांधाच्या पलीकडं गेलो नाही तोवर त्यांनी मला पाडलं. माझ्याच दोरानं मला आंब्याला बांधलं. पुतण्या घरामागं जाऊन कोयता घेऊन आला आणि तो हवेत नाचवत ओरडला, "बगा रे, याच्यानं काकीला तोडणार व्हता!" जमलेल्या सगळ्यांनी कोयता पहिल्यांदा पाहिला तो असा, उगारलेला.

पोलीस ठाण्यात मी सांगितलं की कोयता मी खाली ठेवला होता. जबाब घेणारा हसला. "खाली ठेवला होता? का, त्याला झोप आली होती का?" बाकीचेही हसले. ज्याच्याकडं मी राबाच्या कामाला होतो तो शेतकरी बिचारा आला, म्हणाला, साहेब, पोरगा माझ्याकडं कामाला आहे. त्यावर उत्तर मिळालं, "काम करता करताच टेहळणी होते, काका. तुमचंही घर बघून ठेवलं असेल." तो मुकाट निघून गेला.

मी जेलात गेलो. तिथल्या दिवसांबद्दल लिहिणार नाही. वकीलबाई पहिल्यांदा भेटायला आल्या तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, "हे बघ. चोरी झालेली नाही. एक मणीही गेलेला नाही. कोणाला खरचटलेलंही नाही. त्यामुळं ही सगळी केस तुझ्या मनावर आहे. तू कशासाठी गेलास, एवढंच. पण मन काही कोर्टाला काढून दाखवता येत नाही. मग कोर्ट बाहेरच्या गोष्टींवरून मन ठरवतं. बाहेर काय आहे? तोंड झाकलेलं. दोर. मागचं दार. सोनं समोर. आणि तू पळालास."

"आणि कोयता?"

"तोच तर मोठा. पुतण्या म्हणतो, त्यानं तो तुझ्या हातातून हिसकावला. बाईच्या जबाबातही हातात लिहिलंय. हातात असला तर तू तिला भीती घातलीस. झालं मग."

मी म्हणालो, मॅडम, मी तो ठेवला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. विश्वास ठेवला की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. नंतर कधीतरी त्यांनी सांगितलं की त्यांनी तेव्हा ठरवलंच नव्हतं. मला हे आवडलं. जेलात जो तो लगेच ठरवून मोकळा व्हायचा.

जामीन झाला तो बऱ्याच महिन्यांनी, आणि शहापूरच्या कोर्टातल्या तारखा सुरू झाल्या. मी मुरबाडला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागलो. मालकाला केसचं सांगूनच लागलो. तो म्हणाला, "चमचे मोजून घेईन रोज," आणि पहिला आठवडा खरंच मोजले. मग विसरला.

कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर रोज बसणारी माणसं असतात. त्यांना सगळं माहीत असतं. एक जण मला प्रत्येक तारखेला सांगायचा, "कशाला लढतोस? गुन्हा कबूल करून टाक. आत काढलेले दिवस शिक्षेत धरतील, वर थोडा दंड. संध्याकाळच्या गाडीनं गावी. नाय तर इथंच म्हातारा होशील."

खोटं नाही सांगत, मी हललो होतो. कँटीनचा खाडा, भाडं, त्या बाकावरची वाट बघणं. सगळ्यात वाईट म्हणजे पोलिसाची गाडी दिसली की मी रस्ता बदलायचो. संध्याकाळच्या गाडीनं गावी, हे शब्द मला रात्री ऐकू यायचे. त्याच नादात मी आईला फोन केला. म्हटलं, कबूल करून येऊ का घरी?

आईनं उलट जे विचारलं ते कोणी विचारलं नव्हतं. पोलिसानं नाही, वकीलबाईंनीही नाही.

"कोयता ठेवलास म्हणतोस ना? मग पातं कुणीकडं केलं होतंस?"

आमच्या घरी विळा असो की कोयता, टेकवताना त्याचं पातं कधी दाराकडं करायचं नाही. केलं तर आई पाठीत धपाटा घालायची. म्हणायची, घरात माणसं राहतात, त्यांच्याकडं धार करू नये. हात आपोआप वळतो तसा. मी डोळे मिटले, ओट्याखालची ती सारवलेली जमीन आठवली.

"भाईर," मी म्हणालो. "भिंतीकडं मूठ नि पातं भाईर."

"मग झालं तर. दुसऱ्याचं घर लुटाया निघालेल्या माणसाला त्या घराची एवढी काळजी नसती. तू चोर नाहीस, हे मला कळलं. आता त्या साहेबाला कळूस्तोवर तिथून हलू नको. आलास तर सुटून ये. कबूल करून आलास तर मी दार उघडणार नाही."

त्या दिवसापासून मी बाकावरच्या माणसाला उत्तर देणं बंद केलं. तो बोलायचा, मी शेंगदाणे खात बसायचो.

हे पात्याचं मी वकीलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे, पण हे सांगणार कोण? तू सांगून उपयोग नाही. जिनं पाहिलं असेल तीच एक." आणि मला बजावलं, "तिच्या घराच्या दिशेला पाऊलसुद्धा टाकायचं नाही. भेटलास, बोललास, नुसता नमस्कार केलास, तरी साक्षीदाराला फोडायला गेला म्हणतील. जामीन जाईल."

अडचण अशी की मुरबाडहून शहापूरला जाणारी एसटी किन्हवलीवरून जाते आणि तिच्या वाडीचा फाटा वाटेतच लागतो. फाटा आला की मी मान खाली घालून चपला बघत बसायचो.

तिच्या साक्षीच्या तारखेला गाडी फाट्यावर थांबली आणि ती चढली. एकटीच होती, पुतण्या मोटारसायकलवरून पुढं गेला असणार. गाडीत एकच जागा रिकामी होती, माझ्या शेजारची. तिनं मला पाहिलं. मी उठलो, पिशवी घेतली आणि दाराकडं गेलो. कंडक्टर ओरडला, "ओ, शहापूरचं तिकीट काढलंय ना? इथं कुठं उतरतोस? माकडांत जायचंय का?" गाडीतली माणसं हसली. मी उतरलो.

पुढची गाडी कधी होती माहीत नव्हतं. चालत सुटलो. भाजीचा एक टेम्पो थांबला, त्यानं अर्ध्यापर्यंत सोडलं. कोर्टात पोचलो तर माझा पुकारा होऊन गेलेला. वकीलबाईंनी कशीबशी वेळ मागून घेतली होती, नाहीतर वॉरंट निघालं असतं. आधी त्या मला भरपूर बोलल्या. कारण सांगितल्यावर म्हणाल्या, "पाणी पी आधी." त्या दिवशी फक्त पुतण्याची साक्ष झाली. तो छाती काढून म्हणाला, "कोयता मी याच्या हातातून हिसकावला." मी त्याच्याकडं बघत होतो. तो खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही. गावात, बाजारात, लग्नाकार्यात त्यानं ते इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्याला ते तसंच आठवत होतं. तिची साक्ष पुढच्या तारखेवर गेली.

पुढच्या तारखेला मी पहाटेच्या पहिल्या गाडीनं गेलो, फाट्यावर कोणी चढायच्या आधी. कोर्ट उघडलंही नव्हतं.

आत जाण्यापूर्वी वकीलबाईंनी मला बाजूला घेतलं. "नीट ऐक. कोयता कुठं होता, हे मी तिला विचारू शकते. पण उत्तर काय येईल मला माहीत नाही. असा प्रश्न वकील सहसा विचारत नाहीत. ती हातात म्हणाली तर तुझा दरवाजा मीच बंद केल्यासारखं होईल. न विचारता दुसरीकडून थोडंफार लढता येईल. काय करू?"

मी म्हणालो, "विचारा."

"पक्कं?"

"तिनं पाहिलं असेल तर ती सांगेल. नसेल पाहिलं तर नशीब. पण विचारा."

ती पिंजऱ्यात उभी राहिली. डोक्यावर पदर, एक हात कठड्याला. सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं तिनं सांगितलं: तोंड बांधलेलं होतं, दोर होता, कोयता होता, मी घाबरली, ओरडली. पुतण्या मागं बसून मान डोलवत होता.

मग वकीलबाई उठल्या. "आजी, कोयता होता म्हणालात. कुठं होता?"

तिनं पदर सारखा केला. पंखा फिरत होता. मी माझ्या नखांकडं बघत होतो.

"ओट्याखालती," ती म्हणाली.

मागं खुर्ची वाजली. सरकारी वकील उठले, म्हणाले, जबाबात हातात आहे. न्यायाधीश साहेबांनी स्वतः तिला विचारलं, "आजी, पोलिसांना तुम्ही हातात होता असं सांगितलंय. मग आज वेगळं का?"

"त्यांनी लिवलं, साहेब. मना वाचून नाय दावलं. मी तवा थरथरत व्हती, अंगठा कुठं टेकला तेबी ठावं नाय."

"पण ओट्याखाली होता हे आज नक्की आठवतं? कशावरून?"

"पायावरनं." तिनं लुगडं जरा वर घेऊन पाऊल पुढं केलं, जणू साहेबांना ते तिथून दिसणार होतं. "हा पळाला तवा मी भायेर धावली. उघड्या पायांनी. ओट्यावरनं उतरली ती त्या कोयत्याव पाय पडला. मुठीव पडला. पातं पल्याड व्हतं, म्हनून पाय वाचला. अल्याड असता तर आज मी लंगडत आली असती. मंग माझा पुतण्या आला नि त्यानं तो तिथनं उचलला. मी बगितलं."

"काकी!" पुतण्या उभा राहिला. शिपायानं त्याला खाली बसवलं.

सरकारी वकिलांनी तिला पुष्कळ फिरवलं. तुम्हाला कोणी येऊन भेटलं का, कोणी काही दिलं का. ती म्हणाली, "हा पोरगा मना एसटीत भेटला. मना बगून उतरून गेला. दुसरं कोन नाय भेटलं." त्यांनी विचारलं, मग तो चोर नाही असं तुमचं म्हणणं आहे का? त्यावर तिनं दिलेलं उत्तर मला पाठ आहे: "त्याच्या मनात काय व्हता ते मी कशी सांगू? मी त्याचं मन नाय बगितलं. कोयता बगितला. तो खाली व्हता."

निकाल लगेच लागला नाही, त्यालाही महिने गेले. लागला तेव्हा साहेबांनी जे वाचलं त्यातलं मला एवढंच कळलं की मी निर्दोष. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी सोपं करून सांगितलं. हत्यार दाराबाहेर ठेवून, तेही पातं घरापासून फिरवून, कोणी लुटायला आत जात नाही. तहानलेला माणूस जातो. हेतू सिद्ध होत नाही. मी आईला फोन लावला. तिनं पलीकडून विचारलं, "सुटलास ना?" मी हूं म्हणालो. ती म्हणाली, "मग जेवून घे आधी."

गावी गेलो, आईच्या हातचं खाल्लं आणि परत मुरबाडला आलो. आता मी त्याच कँटीनमध्ये पोळ्यांवर आहे.

तिला भेटायला मात्र मला धीर होत नव्हता. शेवटी ती मला आठवड्याच्या बाजारात दिसली, सुकी मासळी घेताना. मी चार हातांवर थांबलो, तोंड उघडं, हात दोन्ही दिसतील असे. ही सवय आता लागली आहे. म्हणालो, "मावशी, ओळखलं का?"

"ओळखणार नाय तर! त्या दिवशी नुसतं डोळं दिसलं व्हतं, कोर्टात सगळा दिसलास." मग म्हणाली, "पाणी पिलास का रे कधी त्या दिवशी?"

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी हसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं. म्हणालो, "नाही."

मी तिला विचारलं, तुम्ही पुतण्याच्या विरुद्ध कशा काय बोललात. ती मासळी पिशवीत कोंबत म्हणाली, "विरुद्ध कसली? त्यो बोलला हातात, मी बोलली खालती. मना तरी कुठं आठवत व्हता? एसटीतून तू उतरलास तवा मना वाटलं, हा मना भिला. मी ह्याला भिली, हा मना भिला. घरी येऊन ओट्याव बसली नि पाय खाली टाकला, तवा आठवला." थोडं थांबून म्हणाली, "पण पुतण्याचं घर आता बोलत नाय माझ्याशी. लावणीला सावडीला कोन नाय आलं यंदा. माझ्या खाचराची लावणी मागं पडली ती पडलीच."

सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. तिच्या शेतात कोणी आलं नाही, ते माझ्यामुळं. मी तिथंच म्हणालो, "मावशी, पुढच्या लावणीला मी येतो. सुट्टी टाकतो. माझ्या पोटापुरता डबाही आणीन, तुम्ही काही करू नका."

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली केला. "येऊ नको."

"का?"

"येडा हायेस का? तू माझ्या शेतात दिसलास की काय बोलतील? म्हातारीनं साक्ष विकली, बगा, पोरगा फेडायला आलाय. मना बोलतील त्याचा काय नाय. पन जे मी बोलली ते खोटं व्हईल." आणि पिशवी उचलून निघाली. चार पावलं गेल्यावर वळली, "हाक मार रे आठवडी बाजारात कधी दिसलास तर. लांबूनच."

तेव्हा आत्ता मी काही करू शकत नाही. गेलो तर पुन्हा माझा हेतू काढतील, आणि या वेळी तिच्याही नावावर तो चिकटेल. मी थांबणार आहे. गावाच्या तोंडातला हा विषय कधीतरी शिळा होईल, पुतण्याचाही राग कधीतरी उतरेल. मी लावणी शिकतोय. कँटीनच्या मागं एका ओळखीच्याचं भाताचं खाचर आहे, सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडं वाकून रोपं लावतो. पहिल्यांदा माझ्या ओळी बघून तो हसत सुटला होता, आता गप्प असतो. ज्या वर्षी मावशी नको म्हणणार नाही, त्या वर्षी पहिल्या दिवसापासून रोपांच्या शेवटच्या मुठीपर्यंत मी तिच्या चिखलात उभा असेन, आणि त्यानंतर दर वर्षी. हे कोणी तिला वाचून दाखवलं तर एवढंच सांगा, तो पोरगा मुरबाडलाच आहे, विसरलेला नाही, आणि येणार आहे.